सांडपाण्यातील रसायनांची पुनर्प्राप्ती : निवडक अवक्षेपणाचे शास्त्र आणि व्यवहार

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात अनेक उपयुक्त पदार्थ विरघळलेल्या अवस्थेत असतात. योग्य अभिकारक मिसळून आणि परिस्थिती नियंत्रणात ठेवून त्यांपैकी हवा तोच पदार्थ घनरूपात वेगळा काढणे व तो पुन्हा उत्पादनात वापरणे, या पद्धतीस निवडक अवक्षेपणाद्वारे केलेली पुनर्प्राप्ती असे म्हणतात. चर्मोद्योगातील क्रोमियम, धातुमुलामा देणाऱ्या कारखान्यांतील निकेल, जस्तशुद्धी कारखान्यांतील जस्त आणि मैलापाण्यातील फॉस्फरस ही या पद्धतीची परिचित उदाहरणे आहेत.

या व्याख्येत ‘निवडक’ या शब्दाला विशेष महत्त्व आहे. सांडपाण्यातील बहुतेक धातू एकाच वेळी खाली बसवणे तुलनेने सोपे असते. चुना टाकला, पाणी ढवळले, निवळू दिले की वरचे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होते. परंतु तळाशी जे उरते तो अनेक धातू, जिप्सम, चिकणमाती आणि सेंद्रिय द्रव्ये यांचा मिश्र गाळ असतो. त्याला ग्राहक नसतो. उलट तो घातक कचरा म्हणून जपावा लागतो. पाण्यातील समस्या अशा रीतीने जमिनीवर येते. तोच धातू शुद्ध स्वरूपात खाली बसवला, तर तो कच्चा माल ठरतो. गाळ आणि माल यांतील हा फरक कसा पडतो, आणि तो बहुधा प्रक्रिया केंद्रात पोहोचण्यापूर्वीच का ठरलेला असतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अवक्षेपण कसे घडते

प्रत्येक क्षार पाण्यात एका ठरावीक मर्यादेपर्यंतच विरघळतो. द्रावणातील धनायन आणि ऋणायन यांच्या संहतींचा गुणाकार त्या क्षाराच्या ठरावीक अंकापेक्षा अधिक झाला, की जास्तीचा भाग घनरूपात बाहेर पडतो. या अंकास विद्राव्यता गुणाकार म्हणतात आणि बाहेर पडलेल्या घनास अवक्षेप किंवा साका म्हणतात. ज्यांनी महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके केली आहेत, त्यांना परीक्षानळीत एकाएकी दिसणारा निळा, पांढरा किंवा काळा साका आठवत असेल. तेथील ‘गटांचे’ विश्लेषण याच तत्त्वावर उभे आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल रेमिगियुस फ्रेसेनियस यांनी १८४१ मध्ये गुणात्मक विश्लेषणावरील आपल्या पाठ्यपुस्तकात त्याची पद्धतशीर मांडणी केली. निवडक अवक्षेपण हे त्याच परीक्षानळीचे कारखान्याच्या टाकीत झालेले रूपांतर आहे.

बहुतेक जड धातूंचे हायड्रॉक्साइड पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असतात. म्हणून द्रावणाचा सामू वाढवणे हा अवक्षेपणाचा सर्वांत सोपा मार्ग होय. सामू एका अंकाने वाढला, की हायड्रॉक्साइड आयनांची संहती दहापट होते. द्विसंयुजी धातूच्या बाबतीत या संहतीचा वर्ग आणि त्रिसंयुजी धातूच्या बाबतीत घन विचारात घ्यावा लागतो. त्यामुळे सामूच्या एका अंकाच्या वाढीने निकेल किंवा जस्त यांची विद्राव्यता तत्त्वतः शंभरपट घटते, तर लोह किंवा क्रोमियम यांची हजारपट. सामूमधील लहानशा बदलाचा परिणाम इतका मोठा असल्यामुळेच धातू एकमेकांपासून वेगळे करणे शक्य होते.

लोह आणि निकेल यांचे उदाहरण घेऊ. सामू ४ असताना त्रिसंयुजी लोह द्रावणात नाममात्र उरते, पण निकेल पूर्णपणे विरघळलेले राहते. सामू ८ वर नेला तरी गणिताप्रमाणे प्रतिलिटर सुमारे ३० मिलिग्रॅम निकेल द्रावणात शिल्लक असते. ते खाली बसवण्यासाठी सामू आणखी वाढवावा लागतो. म्हणजेच आधी लोह काढून टाकावे, गाळावे आणि मग निकेल मिळवावे, असा क्रम लावता येतो. तांबे आणि जस्त यांच्या हायड्रॉक्साइडांत मात्र इतके अंतर नाही. तेथे सामूची पायरी पुरत नाही आणि सल्फाइडसारखा दुसरा अभिकारक शोधावा लागतो.

निवड बिघडते केव्हा

पुस्तकातील अंक शुद्ध पाण्यासाठी असतात. कारखान्याचे पाणी तसे नसते. तेथे तीन अडचणी नेहमी आढळतात.

पहिली अडचण जटिल संयुगांची. अमोनिया, सायनाइड, सायट्रेट, फॉर्मेट यांसारखे पदार्थ धातूच्या आयनास घट्ट धरून ठेवतात. अशा वेळी सामू कितीही अचूक राखला तरी धातू खाली बसत नाही किंवा अर्धवट बसतो.

दुसरी अडचण सहअवक्षेपणाची. एक साका तयार होताना तो जवळचे परके आयन आपल्या पृष्ठभागावर किंवा स्फटिकात ओढून घेतो. लोहाचा साका याबाबतीत विशेष कुप्रसिद्ध आहे. निकेलचा किंवा तांब्याचा काही भाग तो सोबत नेतो. अभिकारक घाईने ओतला, तर टाकीच्या एका कोपऱ्यात सामू क्षणभर फार वाढतो आणि जे खाली यायला नको तेही खाली येते. म्हणून निवडक अवक्षेपणात संथपणा आणि चांगली ढवळणी यांना अभिकारकाइतकेच महत्त्व असते.

तिसरी अडचण उभयधर्मी हायड्रॉक्साइडांची. क्रोमियम आणि जस्त यांचे हायड्रॉक्साइड सामू फार वाढल्यास पुन्हा विरघळू लागतात. त्यामुळे ‘जितका चुना अधिक तितके पाणी स्वच्छ’ हा समज चुकीचा आहे. प्रत्येक धातूसाठी किमान विद्राव्यतेचा एक अरुंद पट्टा असतो आणि त्याच पट्ट्यात थांबावे लागते.

या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे: नको ते पदार्थ एकत्र येणे. ही गोष्ट प्रत्यक्षात किती निर्णायक ठरते, हे चर्मोद्योगाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

क्रोम चामडे आणि त्याचे हिरवट-निळे पाणी

कातडी कमावणे म्हणजे तिच्यातील प्रथिनांचे धागे एकमेकांशी असे बांधणे, की ती कुजणार नाही व उष्णतेने आकसणार नाही. आपल्याकडे हे काम पूर्वापार बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्काने होत आले. कोल्हापूर, सांगलीपासून बेळगाव, बागलकोटपर्यंतच्या कारागिरांची कोल्हापुरी चप्पल आजही अशा वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्याचीच असते. त्या पद्धतीस कित्येक आठवडे लागतात. क्रोमियमच्या क्षारांनी तेच काम काही तासांत होते. जर्मनीत फ्रीडरिख क्नाप यांनी १८५८ मध्ये क्रोमियमच्या या गुणाचे वर्णन केले, न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये पेटंट घेतले आणि मार्टिन डेनिस यांनी १८९३ मध्ये एकाच द्रावणात कमावण्याची सोपी पद्धत आणली. आज जगातील सुमारे ८० टक्के चामडे क्रोमियमनेच कमावले जाते.

यासाठी वापरले जाणारे रसायन म्हणजे बेसिक क्रोमियम सल्फेट. साधारणपणे १०० किलो कातड्यास ८ किलो या प्रमाणात हे चूर्ण घालतात. त्यात एकचतुर्थांश भाग क्रोमियम ऑक्साइड असते, म्हणजे सुमारे २ किलो. प्रचलित पद्धतीत कातडी त्यातील ६० ते ७० टक्केच शोषून घेते. उरलेले ६०० ते ८०० ग्रॅम फिरत्या पिंपातल्या हिरवट-निळ्या द्रावात राहतात आणि द्राव सोडून दिला की त्याबरोबर वाहून जातात. या उरलेल्या द्रावात क्रोमियमचे प्रमाण प्रतिलिटर काही हजार मिलिग्रॅम असते. देशातील सर्वसाधारण मानकाप्रमाणे नदी-नाल्यांत सोडावयाच्या पाण्यात एकूण क्रोमियम प्रतिलिटर २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. म्हणजे मर्यादेच्या हजार-दीड हजार पट क्रोमियम त्या द्रावात असते.

हे नुकसान दुहेरी आहे. क्रोमियमचे खनिज, क्रोमाइट, भारतात जवळजवळ सर्वच ओडिशात, मुख्यतः सुकिंदा खोऱ्यात सापडते. त्यापासून बेसिक क्रोमियम सल्फेट बनवताना प्रथम षट्संयुजी क्रोमियमचे डायक्रोमेट तयार करावे लागते आणि मग त्याचे क्षपण करून त्रिसंयुजी रूप मिळवावे लागते. षट्संयुजी क्रोमियम हे मानवात कर्करोग घडवणारे द्रव्य म्हणून सिद्ध झालेले आहे. त्यामुळे पिंपातून परत मिळवलेला प्रत्येक किलो क्रोमियम नदीचे रक्षण तर करतोच, शिवाय दूर कोठेतरी तितके डायक्रोमेट तयार करण्याची गरजही टाळतो.

मॅग्नेशियम ऑक्साइडची करामत

उरलेल्या द्रावातून क्रोमियम खाली बसवण्यासाठी चुना, धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा किंवा मॅग्नेशियम ऑक्साइड यांपैकी काहीही चालते. पाणी निर्धातुक करणे एवढाच हेतू असेल, तर सर्वांत स्वस्त म्हणून चुनाच निवडला जाईल. पण चुन्यातील कॅल्शियम द्रावातील सल्फेटशी संयोग पावून जिप्सम बनते आणि ते क्रोमियमच्या साक्यात मिसळून जाते. तो साका पुढे गंधकाम्लात विरघळवला तरी कॅल्शियम पाठ सोडत नाही. कॉस्टिक सोड्याने जिप्सम होत नाही, पण सामू चटकन उसळतो आणि साका मऊ, पाणी धरून ठेवणाऱ्या लगद्यासारखा येतो. तो दाबून पाणी काढण्यासाठी महाग फिल्टर प्रेस लागतो.

मॅग्नेशियम ऑक्साइड पाण्यात हळूहळू विरघळते. त्यामुळे सामू सावकाश चढतो आणि आवश्यकतेपेक्षा थोडे अधिक पडले तरी तो बेसुमार वाढत नाही. परिणामी क्रोमियम हायड्रॉक्साइडचे कण दाट आणि जड होतात व रात्रभरात स्वतःच्या वजनाने टाकीच्या तळाशी बसतात. सोबत तयार होणारे मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात सहज विरघळणारे असल्याने साक्यात मिसळत नाही. अभिकारक महाग असला तरी फिल्टर प्रेस वाचतो आणि साका शुद्ध मिळतो. लहान कारखान्यास हा हिशेब परवडतो. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने हीच पद्धत भारतीय कारखान्यांच्या आवाक्यात आणली.

प्रत्यक्ष कृती चार टप्प्यांत होते. प्रथम उरलेला क्रोमद्राव स्वतंत्र नळीने किंवा गटाराने वेगळ्या टाकीत घेतात आणि जाळीतून गाळून केस, चामड्याचे तुकडे व चरबी काढून टाकतात. दुसऱ्या टप्प्यात मॅग्नेशियम ऑक्साइड घालून द्राव काही तास ढवळतात; सामू ८ च्या आसपास आला की ढवळणे थांबवतात. तिसऱ्या टप्प्यात द्राव रात्रभर निवळू देतात आणि वरचे स्वच्छ पाणी काढून पुढील प्रक्रियेस पाठवतात. चौथ्या टप्प्यात तळच्या साक्यावर गंधकाम्ल सोडतात. साका विरघळून पुन्हा बेसिक क्रोमियम सल्फेटचे गडद हिरवे द्रावण तयार होते. त्याचा सामू २.५ ते २.८ च्या आसपास राखतात आणि ते ताज्या रसायनात मिसळून पुढच्या खेपेस वापरतात.

रासायनिक हिशेबाने एक किलो क्रोमियमचा साका पाडण्यास पाऊण किलोहून थोडे अधिक मॅग्नेशियम ऑक्साइड लागते आणि तो पुन्हा विरघळवण्यास सुमारे १.९ किलो गंधकाम्ल. द्राव मुळात आम्लधर्मी असल्यामुळे व्यवहारात यापेक्षा काहीसे अधिक खर्ची पडते. नीट चालवलेल्या संयंत्रात द्रावातील क्रोमियमपैकी ९८-९९ टक्के भाग साक्यात येतो. टाक्या, ढवळणी आणि सामू मोजण्याचे साधन एवढ्यावर हे काम भागते. दुर्मिळ यंत्रसामग्री त्यास लागत नाही.

तरीही या पद्धतीस शिस्त लागते. द्राव पुन्हा पुन्हा वापरला की त्यातील चरबी, प्रथिने आणि लोह यांचे अंश साठत जातात आणि चामड्याच्या रंगावर डाग पडू शकतात. म्हणून परत मिळालेले क्रोमियम ताज्या रसायनाच्या जोडीनेच वापरण्याची प्रथा आहे. कमावताना क्रोमियमचा वेग आवरण्यासाठी फॉर्मेटसारखी द्रव्ये अधिक वापरली असतील, तर साका अपुरा पडतो.

जाजमऊचा धडा : मिसळले की हरवले

चर्मोद्योगात कातडी कमावण्यापूर्वी ती भिजवणे, चुन्यात घालणे, केस काढणे, मीठ व आम्लात मुरवणे अशा अनेक क्रिया होतात. एकूण सांडपाण्याच्या तुलनेत क्रोमद्रावाचे प्रमाण अगदी लहान असते, पण क्रोमियमचा मोठा भाग त्यातच असतो. हा द्राव वेगळा राखला, तर एका टाकीत प्रश्न सुटतो. तोच चुनवणीच्या अल्कधर्मी पाण्यात सोडला, तर क्रोमियम जागच्या जागी अर्धवट खाली बसते, केस आणि चरबीत गुंतते आणि मिळवण्यासारखे काही उरत नाही.

कानपूरजवळील जाजमऊ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. गंगेच्या काठी तेथे शेकडो चर्मोद्योग आहेत. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर १९८७ रोजी दिलेल्या निर्णयात, प्राथमिक शुद्धीकरण संयंत्र न उभारणारे चर्मोद्योग बंद करण्याचा आदेश दिला. किमान वेतन देऊ न शकणाऱ्या उद्योगास जसे चालू राहता येत नाही, तसेच प्राथमिक शुद्धीकरण न परवडणाऱ्या चर्मोद्योगासही चालू राहता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढे गंगा कृती योजनेअंतर्गत नेदरलँड्सच्या साहाय्याने जाजमऊ येथे दररोज ३६ दशलक्ष लिटर क्षमतेचे सामाईक केंद्र उभे राहिले. त्यात ९ दशलक्ष लिटर चर्मोद्योगांचे आणि २७ दशलक्ष लिटर शहराचे मैलापाणी एकत्र करण्याची योजना होती. मैलापाण्याने सेंद्रिय भार पातळ होतो आणि जीवाणूंचे काम सुकर होते, हा त्यामागील विचार सेंद्रिय द्रव्यांपुरता बरोबर होता.

पण क्रोमियमला जीवाणू खात नाहीत. तो मूलद्रव्य असल्यामुळे नष्टही होत नाही. कारखान्यात वेगळा न काढलेला क्रोमियम केंद्राच्या गाळात साठतो. मैलापाण्याचा गाळ एरवी खत म्हणून शेतीस उपयोगी पडला असता. क्रोमियममुळे तो घातक कचरा ठरतो. असा गाळ निष्काळजीपणे जाळला, आणि त्यात चुना असला, तर हवेतील ऑक्सिजनमुळे निरुपद्रवीसा त्रिसंयुजी क्रोमियम घातक षट्संयुजी रूपात बदलण्याचा धोका असतो. म्हणजे एका द्रावाची नळी वेगळी न टाकल्यामुळे एक मौल्यवान रसायन आणि एक उपयुक्त खत अशा दोन गोष्टी एकाच वेळी गमावल्या जातात.

तमिळनाडूतील वेल्लोर भागातील चर्मोद्योगांसंबंधी २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयात ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ आणि ‘खबरदारी आधी’ ही तत्त्वे भारतीय कायद्याचा भाग असल्याचे स्पष्ट झाले. ज्या शेतांची व विहिरींची हानी झाली, त्यांच्या दृष्टीने हा निर्णय भरपाईचा होता. उद्योगाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की नळी वेगळी न करण्याचा खर्च आता शेजाऱ्याच्या खात्यावर टाकता येणार नाही.

सल्फाइडचा मार्ग

हायड्रॉक्साइडने जेथे धातू वेगळे होत नाहीत, तेथे सल्फाइड कामास येते. तांब्याचे आणि जस्ताचे सल्फाइड यांच्या विद्राव्यता गुणाकारांत अब्जावधी पटींचे अंतर आहे. त्यामुळे तीव्र आम्लधर्मी द्रावणातही तांबे सल्फाइडच्या रूपात खाली येते, तर जस्त वरच राहते. सामू वाढवला की मग जस्ताची पाळी येते. शिवाय तांब्याचा किंवा जस्ताचा सल्फाइड म्हणजे त्या धातूच्या नैसर्गिक खनिजाचेच रूप. धातुशुद्धी कारखान्याची भट्टी तो सरळ स्वीकारू शकते.

नेदरलँड्समधील बुडेल-डोरप्लेन येथील जस्त कारखान्यात १९९२ पासून हे तत्त्व जीवाणूंच्या मदतीने वापरले जात आहे. तेथील प्रदूषित भूजलात जस्त आणि सल्फेट दोन्ही होते. सल्फेटचे क्षपण करणारे जीवाणू त्यापासून सल्फाइड बनवतात, सल्फाइड जस्ताशी संयोग पावते आणि मिळालेला जस्त सल्फाइड कारखान्याच्या भट्टीत परत जातो. एका प्रदूषकाने दुसऱ्यास पकडावे, अशी ही योजना आहे. मात्र हायड्रोजन सल्फाइड हा अतिविषारी वायू असल्यामुळे बंदिस्त टाक्या, वायुसूचक यंत्रणा आणि प्रशिक्षित माणसे यांवाचून हा मार्ग धरता येत नाही.

स्ट्रुव्हाइट : अडथळा झाला खत

मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट समप्रमाणात एकत्र आले, की सहा रेणू पाण्यासह त्यांचा एक पांढरा स्फटिक तयार होतो. १८४५ मध्ये हँबुर्ग येथे त्याचे वर्णन झाले आणि फोन स्ट्रूव यांच्या नावावरून त्यास स्ट्रुव्हाइट हे नाव मिळाले. मूत्रमार्गातील काही प्रकारचे खडे याच द्रव्याचे असतात. मैलापाणी केंद्रांतही त्याची ओळख प्रथम उपद्रवी म्हणूनच झाली. लॉस एंजेलिसच्या हायपेरियन केंद्रात १९६० च्या दशकात या स्फटिकांनी गाळाच्या नळ्या अरुंद करून टाकल्या होत्या.

जे नळीत आपोआप होते, तेच वेगळ्या टाकीत घडवून आणले तर ते खत होते. सामू ८ ते ९ दरम्यान राखून, मॅग्नेशियम जोडून आणि अतिसंपृक्तता बेताची ठेवून लहान बीजस्फटिकांवर थर चढवत गेले, की मोत्यांसारखे टपोरे दाणे मिळतात. त्यांत सुमारे १२.६ टक्के फॉस्फरस, ५.७ टक्के नायट्रोजन आणि जवळजवळ १० टक्के मॅग्नेशियम असते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विकसित झालेल्या तंत्राच्या आधारे अमेरिकेत ओरेगन राज्यातील डरहॅम येथे २००९ मध्ये आणि शिकागोच्या स्टिकनी केंद्रात २०१६ मध्ये असे उत्पादन सुरू झाले.

फॉस्फरसाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. जगातील फॉस्फेट खडकाच्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहारा या एकाच प्रदेशात आहेत, तर भारत आपल्या गरजेचा मोठा भाग आयात करतो. जर्मनीने २०१७ च्या नियमांनी मोठ्या मैलापाणी केंद्रांवर २०२९ पासून फॉस्फरस परत मिळवण्याचे बंधन घातले आहे. आयात होणारा तोच फॉस्फरस आपल्या खाड्यांत पोहोचला, की शेवाळाची वाढ करतो आणि पाण्यातील प्राणवायू घटवतो.

मर्यादा

निवडक अवक्षेपणाने सर्वच प्रश्न सुटतात असे मानणे चूक होईल. क्रोमियम काढून घेतल्यावरही चर्मोद्योगाच्या पाण्यात मीठ आणि सल्फेट तसेच राहतात. किंबहुना मॅग्नेशियम सल्फेटची त्यात भर पडते. विरघळलेल्या क्षारांचा हा भार कमी करण्यासाठी पटल-गाळण आणि बाष्पीभवन यांसारखी महाग साधने लागतात. फार पातळ सांडपाण्यातून अवक्षेपणाने धातू मिळवणे सहसा परवडत नाही. तेथे आयन-विनिमय वापरून द्राव आधी दाट करावा लागतो. आणि परत मिळालेल्या रसायनास कारखान्यात किंवा जवळपास वापर नसेल, तर शुद्ध साकाही शेवटी गोदामातच पडून राहतो.

म्हणून असा प्रकल्प हाती घेण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे मिळवणे इष्ट ठरते. हवा तो पदार्थ कोणत्या क्रियेतून, किती दाट स्वरूपात बाहेर पडतो? तो प्रवाह इतरांपासून वेगळा ठेवता येईल काय? त्यात धातूस धरून ठेवणारी जटिलकारक द्रव्ये आहेत काय? निवडलेल्या अभिकारकाचा अवशेष साक्यात मिसळेल की पाण्यात राहील? आणि मिळालेला माल कोण वापरणार? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे रसायनशास्त्रज्ञापेक्षा कारखान्याच्या नळ्यांचा आराखडा आखणाऱ्याकडे असतात.

गोमंतकाच्या संदर्भात

गोव्यात कानपूर किंवा वेल्लोरसारखा चर्मोद्योग नाही. तथापि वेर्णा, कुंडई, मडकई यांसारख्या औद्योगिक वसाहतींमध्ये औषधनिर्मिती व अभियांत्रिकी उद्योग आहेत आणि राज्याचे भूगोलशास्त्र चुकांना फारशी जागा देत नाही. मांडवी आणि जुवारी या भरती-ओहोटीच्या नद्या आहेत. खाडीत आलेले पाणी भरतीबरोबर मागे फिरते. धातूचे कण चिखलात बसतात आणि त्या चिखलावर तिसऱ्या, खुबे वाढतात, खाजन शेती उभी असते. पिसुर्ले येथे घातक कचऱ्यासाठी सामाईक केंद्र आहे. पण लहान राज्यात अशा केंद्रातील प्रत्येक घनमीटर जागा मोलाची असते. गाळ तेथे नेण्याइतकाच तो निर्माणच होऊ न देणे महत्त्वाचे आहे.

धातुमुलामा देणाऱ्या एखाद्या लहान कारखान्याचे उदाहरण घेऊ. निकेलच्या टाकीनंतरचे धुण्याचे पाणी वेगळे ठेवले, तर सोड्याने त्यातून निकेल कार्बोनेट मिळवून ते गंधकाम्लात विरघळवता येते आणि मूळ टाकीत परत घालता येते. क्रोम मुलाम्याचे पाणी मात्र वेगळ्याच नळीने जावे लागते, कारण त्यातील षट्संयुजी क्रोमियम आधी क्षपण केल्यावाचून खाली बसत नाही. सायनाइड असलेले पाणी आम्लाच्या संपर्कात कधीच येता कामा नये, कारण त्यातून प्राणघातक वायू निघतो. तीन नळ्यांचा खर्च एका नळीपेक्षा अधिक असतो. पण तीन प्रवाह एकत्र झाल्यावर ते वेगळे करण्याचा खर्च त्याहून कितीतरी पटींनी वाढतो. घातक कचऱ्याच्या व्यवस्थापनासंबंधीचे २०१६ चे नियमही विल्हेवाटीपूर्वी प्रतिबंध, पुनर्वापर आणि पुनर्प्राप्ती यांनाच प्राधान्य देतात.

स्ट्रुव्हाइटच्या बाबतीत गोव्याकडे एक नैसर्गिक सोयही आहे. मैलापाण्यात फॉस्फेट व अमोनियम असतात, पण मॅग्नेशियम अपुरे असते. बाहेरून आणावयाच्या मॅग्नेशियमच्या क्षाराचाच खर्च मोठा असतो. मिठागरात मीठ काढून घेतल्यावर उरणारे कडू पाणी मॅग्नेशियमने समृद्ध असते. जपानमध्ये तर याच कामासाठी साध्या समुद्राच्या पाण्याचेही प्रयोग झाले आहेत. ज्या राज्यात मिठागरांची परंपरा आहे, तेथे हे कडू पाणी मैलापाण्याशी जोडण्याचा विचार करण्याजोगा आहे.

निवडक अवक्षेपणाचे शास्त्र परीक्षानळीइतके जुने आहे आणि त्याची साधने साधी आहेत. त्याचे यशापयश मात्र सांडपाण्याच्या नळ्या कोठे एकत्र येतात यावर अवलंबून असते. नवी वसाहत, नवा कारखाना किंवा नवे प्रक्रिया केंद्र मंजूर करताना पाणी किती स्वच्छ होऊन बाहेर पडेल, हा प्रश्न आपण विचारतोच. त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारावयास हवा: कोणते पाणी कोणत्या पाण्यात मिसळणार आहे?